चाकणच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि ११,००० फेऱ्या

चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात बनणारे केटीएम ३९०चे इंजिन मुळात मोटरसायकलचे. पण अभियांत्रिकीचे विद्यार्थी बांधतात त्या फॉर्म्युला स्टुडंट शर्यतीच्या मोटारींतही ते बसवले जाते. ३९० ड्यूक भारतात २०१३ मध्ये आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत एकच सिलिंडर, ८९ मिमी बोअर, ६० मिमी स्ट्रोक, ३७३.२ सीसी क्षमता आणि मिनिटाला ९,५०० फेऱ्यांवर सुमारे ४३ अश्वशक्ती. बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड ही ठेवण जास्त फेऱ्यांसाठीच असते.

सिलिंडर हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट आणि चार व्हॉल्व्ह आहेत. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कठीण कार्बनचा मुलामा दिलेले फिंगर फॉलोअर असतात. ते हलके, आणि घर्षणही कमी. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ९,५०० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७९ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडण्याचे काम कॅम करतो. व्हॉल्व्हला परत सीटवर आणायला मात्र फक्त स्प्रिंग असते. सगळी अडचण इथेच. हलत्या भागांचे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९,५००वरून ११,०००वर गेले की ते सुमारे ३४ टक्क्यांनी चढते. स्प्रिंगला ते आवरले नाही, तर फॉलोअर कॅमपासून सुटतो, व्हॉल्व्ह सीटवर उसळतो, ताकद पडते आणि फारच बिघडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

म्हणून सुधारणेची सुरुवात स्प्रिंगपासून होते. पण नुसती कडक स्प्रिंग हा आळशी उपाय आहे. कॅमवरचा दाब आणि झीज त्याने वाढते. शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. थोडी जागा उरावीच लागते. वजन कमी करणे अधिक शहाणपणाचे: टायटॅनियमचा रिटेनर (स्प्रिंग व्हॉल्व्हला धरून ठेवणारी चकती), हलका व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या टोकाचा प्रत्येक ग्रॅम स्प्रिंगलाच मागे खेचावा लागतो. कॅम बदलून लिफ्ट वाढवली, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांतले अंतर मोजल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा थर लावायचा, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवायचा, हेड काढायचे आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. शेवटी कॅम आणि फॉलोअर यांच्यातला क्लिअरन्स शिम (पातळ चकती) बदलून जुळवायचा.

धुळे-जळगावकडे हेडचे काम करणारे कारागीर सीट कापणे, गाइड बदलणे, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणे यांत मुरलेले असतात. स्टीलच्या व्हॉल्व्हला ते चालते. टायटॅनियमचा व्हॉल्व्ह मात्र पेस्टने घासायचा नाही; वरचा मुलामा निघतो आणि व्हॉल्व्ह लवकर बाद होतो. सीट अचूक कापून घेणे हाच तिथला मार्ग.

एवढा खटाटोप फायद्याचा आहे का? फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत ७१० सीसीपर्यंतचे इंजिन चालते. पण पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमी व्यासाच्या एकाच छिद्रातून घ्यावी लागते. त्या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की जास्त हवा जात नाही. ती मर्यादा सेकंदाला साधारण ७० ग्रॅम. ६०० सीसीचे इंजिन १२,००० फेऱ्यांच्या आसपास तिथे अडकते, त्यापुढे महागडे व्हॉल्व्ह व्यर्थ. ३७३ सीसीच्या इंजिनाला १०,००० फेऱ्यांना सरासरी सुमारे ३७ ग्रॅमच लागतात. अर्थात एकच सिलिंडर हवा झटक्याझटक्याने ओढतो, त्यामुळे छिद्रामागे पुरेशी मोठी हवापेटी हवी. ती असली, तर या छोट्या इंजिनाला छिद्राआधी व्हॉल्व्हच अडवतात आणि सुधारणेचा पैसा वसूल होतो.

हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. उन्हाळ्यात तिथे घेतलेले ताकदीचे आकडे हिवाळ्यातल्या आकड्यांशी जसेच्या तसे ताडून पाहू नयेत.

ईसीयूमधली (इंजिनाच्या संगणकातली) फेऱ्यांची मर्यादा सर्वांत शेवटी उचलायची, तीही टप्प्याटप्प्याने. ९,५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर असतो, ११,०००ला तो २२ होतो. तिथून पुढे व्हॉल्व्ह टिकले तरी कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट टिकतीलच असे नाही.