मांजरीचे शेत आणि कारभारणीची सही

पूर्वी मांजरीच्या शेतकऱ्यास शहराचा मोह पडला तर आगगाडीत बसून पुण्यास जावे लागे. आता शहरच त्याच्या उंबरठ्याशी येऊन ठाकले आहे. २०२१ च्या जून महिन्यात पुणे महानगरपालिकेत जी २३ गावे सामील झाली, त्यांत मांजरी बुद्रुक हे एक होय. काळ्या आईचे मोल गुंठ्यावर होऊ लागले आणि तिजबरोबर संसारांचीही परीक्षा सुरू झाली. धन्यास सदनिकेची व मोटारीची स्वप्ने पडतात; खुरपणीत जन्म घालविलेली कारभारीण 'शेत मोडू नका' म्हणून विनविते.

तिच्या शब्दास कायद्यात वजन किती? २००५ च्या दुरुस्तीने कन्येस वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. पत्नीस तो नाही. ती पोटगी मागू शकते. परंतु पतीच्या एकट्याच्या मालकीचे शेत तिच्या संमतीवाचून विकले जाते! पैसा उडाला म्हणजे पोटगी तरी कशातून द्यावयाची?

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'च्या चळवळीत यावर उपाय दाखविलाच आहे: सातबाऱ्यावर पत्नीचे नाव चढवावे. भागीदाराच्या अनुमतीवाचून पेढीची इमारत विकू नये, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. मग जन्माच्या भागीदारणीसच वेगळा न्याय का? खुशाल शहरात जा. पण विक्रीखतावर दोघांची सही असू द्या, इतकेच आमचे सांगणे आहे.