संकर आणि उत्क्रांती : डॅफ्नी मेजर बेटावरील फिंच पक्षी

दोन भिन्न प्रजातींच्या संकरातून वंध्य संतती जन्मते, हे आपण शाळेत खेचराच्या उदाहरणावरून शिकलो. हा नियम सर्वत्र लागू पडतो का? गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून दीर्घकाळ केलेली निरीक्षणे या प्रश्नाचे उत्तर देतात.

संकर कसा घडतो? फिंचचा नर लहानपणी वडिलांचे गाणे शिकतो. गाणे आणि चोच यांवरून मादी आपल्या प्रजातीचा जोडीदार ओळखते. क्वचित एखादे पिल्लू दुसऱ्याच प्रजातीचे गाणे उचलते. मग हा अडसर मोडतो. अशा जोडीची पिल्ले वंध्य नसतात.

संकरित पक्षी तगतात का? १९८३ पूर्वी ते फारसे तगत नसत, कारण त्यांच्या मधल्या आकाराच्या चोचीला योग्य अशा लहान बिया पुरेशा नव्हत्या. १९८२-८३ च्या एल निनोमुळे अतिवृष्टी झाली आणि लहान, मऊ बियांच्या वनस्पती माजल्या. त्यानंतर संकरित पक्षी मूळ प्रजातींइतकेच चांगले जगू लागले. लक्षात घ्या, दोष संकरात नव्हता. बदलले ते पर्यावरण.

याचा उत्क्रांतीवर काय परिणाम होतो?

१. संकरित पक्षी मूळ प्रजातीशी पुन्हा जोडी जमवतात, तेव्हा एका प्रजातीची जनुके दुसरीत शिरतात. विविधता वाढते आणि नैसर्गिक निवडीला नवा कच्चा माल मिळतो. उत्परिवर्तनातून एवढी विविधता साचायला फार काळ लागतो.

२. प्रजातींमधील सीमा पुसट होऊ शकते. मध्यम ग्राउंड फिंच आणि कॅक्टस फिंच यांच्या चोची अशाच एकमेकींच्या जवळ आल्या.

३. उलट, नवा वंशही उभा राहू शकतो. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एस्पान्योला बेटावरून एक मोठा नर डॅफ्नीवर आला. त्याची मध्यम ग्राउंड फिंचच्या मादीशी जोडी जमली. त्यांच्या वंशजांचे गाणे व चोच वेगळी असल्याने ते पुढे आपसांतच प्रजनन करू लागले. जनुकीय विश्लेषणाने २०१७ मध्ये याला पुष्टी दिली.

म्हणजे संकर प्रजातींना जोडतोही आणि घडवतोही.

विचार करा : बेटावर पुन्हा मोठ्या, कठीण बियांचेच दिवस आले, तर संकरित पक्ष्यांचे काय होईल? आणि त्यांच्यामार्फत शिरलेली जनुकेही नाहीशी होतील का?