हिवाळ्यातील थंडी आणि परसातील लिंबूवर्गीय झाडांचा बहार

धर्माबाद भागात अनेक घरांच्या परसात एखादी लिंबोणी किंवा मोसंबीचे झाड असते. झाड उंच वाढलेले, पानांनी गर्द भरलेले. परंतु फळ मात्र हाती लागत नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकावयास मिळते. कोणी त्याचा दोष थंडीस देतात, तर कोणी झाड वांझ समजून ते तोडावयास निघतात. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी थंडीचे या झाडावर काय कार्य घडते, ते समजून घेणे हिताचे आहे.

थंडीत झाडात काय घडते

लिंबू, मोसंबी, संत्रा ही सदाहरित झाडे आहेत. थंडीत त्यांची पानगळ होत नाही. पण उष्णतामान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यांची वाढ थांबते. नवी पालवी फुटत नाही व मुळांचे कार्य मंदावते. दिवसा ऊन असल्यामुळे पाने मात्र अन्न तयार करीतच राहतात. हे अन्न नव्या पालवीवर खर्च न होता फांद्यांत साठते. अशा थंडीचे काही आठवडे गेले म्हणजे डोळ्यांतून केवळ पालवी न निघता फुले निघण्याची तयारी होते. पुढे उबारा वाढला आणि पाणी मिळाले की झाड फुलते. जानेवारी-फेब्रुवारीतील या फुलोऱ्यास आपण आंबे बहार म्हणतो.

स्पेनसारख्या देशांत हिवाळा लांब असल्यामुळे एकट्या थंडीनेच हे काम होते. ज्या उष्ण प्रदेशांत थंडी पडत नाही, तेथे पाण्याची टंचाई तेच काम करते. आपला मराठवाडा या दोहोंच्या मध्ये आहे. माळेगावच्या यात्रेच्या सुमारास थंडी ऐन भरात येते व काही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. परंतु दुपारी पुन्हा ऊब येते. म्हणून एकट्या थंडीवर विसंबून न राहता तिला पाण्याच्या ताणाची जोड द्यावी लागते.

परसातील झाडाची अडचण नेमकी येथेच आहे. न्हाणीचे व मोरीचे पाणी बारा महिने त्याच्या बुडाशी मुरते. थंडी पडूनही त्यास पुरती विश्रांती मिळत नाही आणि ते पालवीवर पालवी काढीत राहते. शिवाय साबणाच्या सततच्या पाण्याने काळी जमीन चिकट व क्षारयुक्त होते. ते पाणी चर काढून केळी किंवा अळूकडे वळवावे.

बहार धरण्याची रीत

१. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी पाणी पूर्ण तोडावे. भारी काळ्या जमिनीत ५५ ते ६० दिवस व मध्यम जमिनीत ४० ते ४५ दिवस ताण लागतो.

२. दिवसांपेक्षा झाडाकडे लक्ष द्यावे. पानांचा गर्द रंग फिका पडून ती निस्तेज झाली व सुमारे चौथा हिस्सा पाने गळली, म्हणजे ताण पुरा झाला असे समजावे. याहून अधिक ताण दिल्यास फांद्या वाळतात.

३. ताणाच्या काळात आळ्यातील जमीन हलकी चाळावी. जाड मुळे तोडू नयेत. वाळलेल्या व रोगट फांद्या काढून टाकाव्यात.

४. मध्यम जमिनीत संक्रांतीनंतर आणि भारी जमिनीत जानेवारीच्या अखेरीस ताण तोडावा. पूर्ण वाढलेल्या लिंबोणीस १५ किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. वर्षाच्या ६०० ग्रॅम नत्रापैकी निम्मे, म्हणजे सुमारे ६५० ग्रॅम युरिया, या वेळी द्यावा. उरलेले फळे धरल्यावर द्यावे.

५. पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, हलके द्यावे. त्यानंतर चिंबवणीचे पाणी थोडे अधिक द्यावे व मग नियमित पाळ्या सुरू कराव्यात. ताणलेल्या झाडास एकदम भरपूर पाणी दिल्यास फुले गळतात.

६. पाणी खोडास लागू देऊ नये. दुहेरी आळे करून बाहेरच्या आळ्यात पाणी सोडावे. म्हणजे डिंक्या रोगापासून झाडाचा बचाव होतो.

या बहाराची लिंबे पाच-सहा महिन्यांत, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास तयार होतात. मोसंबी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत झाडावर राहते.

ताण केव्हा देऊ नये

लिंबोणी वर्षातून अनेक वेळा फुलते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहाराची लहान फळे डिसेंबरात झाडावर असतील, तर पाणी तोडू नये. थंडीत ती फळे सावकाश वाढतात, म्हणून निराश होऊ नये. उन्हाळ्यात लिंबू महाग असते, तेव्हा हीच फळे घरच्या उपयोगी पडतात. चार वर्षांखालील रोपांना व रोगाने खंगलेल्या झाडांनाही ताण देऊ नये. बियांपासून वाढविलेली मोसंबी फळावर येण्यास बरीच वर्षे घेते. तिच्या बाबतीत थंडी व पाणी यांपेक्षा वय पाहावे. लागवड करतानाच डोळा भरलेले कलम घेतल्यास ही वाट पाहावी लागत नाही.

थंडीचा अपाय

या वर्गात कागदी लिंबू थंडीस विशेष नाजूक आहे. कडाक्याची लाट आल्यास कोवळी पालवी करपते. लहान रोपांभोवती तुराट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा करावा व बुडाशी पाचटाचे आच्छादन घालावे. ताणावर नसलेल्या झाडांस अशा वेळी सायंकाळी हलके पाणी द्यावे. थंड जमिनीतून मुळे अन्न कमी शोषतात, त्यामुळे काही पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. ऊब येताच झाड पुष्कळदा आपोआप सुधारते. तेवढ्याकरिता लगेच खत ओतू नये.

सालीस पिवळा रंग येण्यासही थंड रात्री लागतात. म्हणून ऑक्टोबरात मोसंबी हिरवी दिसली तरी ती कच्ची आहे, असे समजू नये. एक फळ कापून रस व गोडी पाहावी आणि मगच तोडणीचा निर्णय घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतर घरोघरी फिरून परसातील झाडे पाहावीत. न्हाणीचे पाणी कोठे जाते, झाडाचे वय काय, त्यावर फळ आहे किंवा नाही, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुढील सल्ला देणे सोपे जाते. बहुतेक ठिकाणी एक चर खणणे व दोन महिने हात आखडता घेणे, एवढ्यानेच काम भागेल. आणि तोडावयास निघालेले झाड घरास पुढील कित्येक वर्षे फळ देत राहील.