सतरा रुपयांची माळ

पहाटे साडेपाचला उठून मी आधी दोऱ्याला मेण लावून घेते. दुकान उघडलं की त्याला हात मोकळा मिळत नाही, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर नाहीच. इकडे छत्तीसगडात ‘तीजा-पोरा’ असं एका दमात म्हणतात. पोळ्याच्या सुमाराला लेकी माहेरी येतात, मग तीजा, म्हणजे आपली हरतालिका. तोवर भाऊ बहिणीसाठी नवा लुगरा घेतो आणि आई पेटीतला जुना दागिना काढून आमच्याकडे येते. माझी आई नागपूरची, तिच्या हिशेबी आज मारबतीच्या मिरवणुकीचा दिवस. माझ्या हिशेबी तुटक्या कड्यांचा.

भिलाईच्या पॉवर हाऊसकडून नंदिनी रोड धरला की जामुलच्या पुढे अहिवारा येतं, आमचं दुकान तिथं. नंदिनीच्या खाणीतली चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते, आणि माझे वडील त्याच कारखान्यात होते. सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये वाढलेली मी, लग्न होऊन सोनाराच्या घरात आले. हे घडवतात, डाख देतात, मी गाठवते. गाठवणं खरं पटवेकऱ्याचं काम. सासूबाईंनी ते इथल्या एका पटवा बाईकडून उचललं, मी सासूबाईंकडून.

सकाळी नऊला शटर वर जातं तेव्हा पायरीवर तिघी बसलेल्याच होत्या. पहिलीचा सुता. ‘‘टूट गे हे बहिनी, तीजा ले पहिली बना दे.’’ तीजाच्या आत करून हवा. सुता म्हणजे गळ्याला बसणारी चांदीची भरीव कडी, आपल्या हासळीची थोरली बहीण. टोकाचा फासा निघाला होता. ह्यांनी सांध्यातला मळ खरवडला, टाकणखार लावला, वर डाखेचा मुगाएवढा तुकडा ठेवला आणि ज्योत फिरवायला घेतली. चांदी सगळीकडून सारखी तापावी लागते. घाई करून एकाच जागी ज्योत धरली की डाख गोळा होऊन बसते. नीट तापली की तो तुकडा आधी आखडतो आणि पापणी लवायच्या आत पाण्यासारखा सांध्यात पळतो. इतकी वर्षं झाली, त्या क्षणाला मी हातातलं काम थांबवून बघतेच. मग काळा पडलेला सुता चिंचेच्या पाण्यात उकळायचा आणि रिठ्याच्या फेसात पितळी ब्रशानं घासायचा. बाईनं तो तिथंच गळ्यात घातला, ओला.

इथं आल्यावर पहिल्या वर्षी मला भाषेची भीती होती. दागिन्यांनी ती घालवली. लुगरा म्हणजे लुगडं, पोलका म्हणजे पोलकं, तोड़ा म्हणजे तोडे, गोदना म्हणजे गोंदण. पुतरी बघितली तर आजीच्या पुतळ्यांच्या माळेची आठवण झाली. ऐंठी म्हणजे पिळाची बांगडी. दंडातली नागमोरी बघून आपल्या वाकीकडेच लक्ष जातं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर १८५४ पर्यंत होता, तेव्हा कुठला शब्द कुणी कुणाकडून नेला हे भांडण भाषावाल्यांनी मिटवावं. माझं काम त्यावाचून अडत नाही.

अकराच्या सुमाराला एक म्हातारी आली. कोपरापर्यंत गोदना, निळा रंग आता हिरवट झालेला. पूर्वी देवार बाया गावोगाव फिरून गोंदायच्या. मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच, असं इकडे बायका सांगतात. तिनं पदराची गाठ सोडून रुपियामाला काढली. राणीछाप, राजाछाप रुपयांना कड्या लावून काळ्या दोऱ्यात ओवलेली, दोन ठिकाणी तुटलेली. माळ मधे कधी तुटत नाही, कडी जिथं घासते तिथंच दोरा जातो. मी रुपये मोजले, सतरा. दोन लेकी तीजाला आल्यात, दोघींना वाटून दे, म्हणाली.

वाटणी वाटते तितकी सोपी नाही. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळा, म्हणून तर जुन्या बायका दागिन्याचं वजन रुपयांत सांगतात. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांच्या रुपयांत शेकडा ९१ हून जास्त चांदी. १९४० पासून, युद्धाच्या दिवसांत, ती ५० वर आणली आणि बाकी भरती तांबं, निकेल, जस्त यांची. वजन मात्र तेच ठेवलं. त्यामुळे काट्यावर दोन्ही रुपये भाऊ-भाऊ, आणि चांदी निम्मी! ओळखायचं साल बघून, आणि कडेवरून: चाळीसपासूनच्या रुपयाच्या कडेला मधोमध खाच असते. सतरांत असे चार निघाले. मी दोन-दोन करून दोन ढिगांत टाकले. उरलेल्या तेरांत बारा ठीक, म्हणजे आठ-आठ झाले. तेरावा १८६२ चा व्हिक्टोरिया, राणीचं नाक झिजून सपाट. हे साल बघून लोक हरखतात, पण १८६२ छापलेले रुपये पुढे बारा वर्षं पाडले जात होते; त्यात दुर्मीळ असं काही नाही. आमच्या मोजणीला मात्र तो एकटाच पडला. म्हातारी म्हणाली, संध्याकाळी सांगते.

दीड वाजता डबा. पोळ्याचा फराळ, ठेठरी-खुरमी, अजून डब्यात आहे.

दुपारी धाकटी शाळेतून आली आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला: मंगोलियातली खाल्खा जमातीची जुन्या काळची सुवासिनी. केस दोन्ही बाजूंना शिंगांसारखे, पंखांसारखे पसरलेले, मधे चांदीच्या पट्ट्या, डोक्यावर चांदीचं टोपण, पोवळी आणि पिरोजे. अंगात देल, म्हणजे उजवीकडे बंद होणारा लांब अंगरखा. लग्न झालेलीचा वेष वेगळा, कुमारिकेचा वेगळा, बघताक्षणी कळावा असा. लेक म्हणाली, ‘‘एवढं ओझं कोण घालतं?’’ आता तिथंही नाही घालत. देल मात्र नादामच्या जत्रेला, नव्या वर्षाला आवर्जून निघतो. मी पोवळ्यांच्या सरांची गाठ मोठी करून बघत होते. ज्यांचं घरच गुरांमागे हिंडतं त्यांनी धन अंगावर नाही ठेवायचं तर कुठं? आमच्या गिऱ्हाइकांची घरं हलत नाहीत, पण जमीन नवऱ्याच्या नाही तर सासऱ्याच्या नावावर. करधन, म्हणजे कमरपट्टा, तेवढा बाईचा.

म्हणूनच चारला एक गडी बायकोचा करधन मोडायला घेऊन आला तेव्हा ह्यांनी वजनही केलं नाही. ‘‘बाई ला लेके आ.’’ बायकोला घेऊन ये. कायदा नाही, सासूबाईंचा नियम आहे. तो चिडून गेला. दुसऱ्या दुकानात गेला असेल. बाजार आहे, आपण काय करणार.

पाचनंतर कॉलेजातल्या मुली, नाचाच्या कार्यक्रमासाठी. त्यांचे सुते, ऐंठ्या, तोडे सगळे गिलटचे. दिसायला चांदीहून उजळ, पण तुटलं की आमच्याकडे त्याला औषध नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. महागाईत कोणती आई पोरीला भरीव तोडे घेऊन देणार? एक मात्र माझ्या नजरेत भरतं. दुरुस्तीला येतो तो अंगावर झिजलेला दागिना. रोज घातलेल्या सुत्याला आतून मानेचा गुळगुळीतपणा असतो, तो हाताला कळतो. आता वर्षाकाठी असे सुते दहा-बारा येतात. सासूबाईंच्या वेळी तेवढे बाजाराच्या एका दिवशी येत.

साडेसहाला पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून माळ गाठवायला बसले. रुपया, गाठ, रुपया, गाठ. गाठ कडीला चिकटून हवी, सैल राहिली की रुपया लोळतो आणि दोरा पुन्हा कापतो. शेवटी फुंदरा, म्हणजे आपला गोंडा, लाल लोकरीचा.

आठ वाजता म्हातारी आली. दोन्ही माळा तिनं हातात तोलून पाहिल्या, आठ-आठ वेळा बोट फिरवून मोजल्या. मग सुट्या रुपयाकडे बोट केलं. ‘‘अउ ए एक ठन बहू बर.’’ सुनेसाठी. सून बाहेर सायकल धरून उभी होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नसावं. मी त्या रुपयाला दुहेरी दोरा घातला.

पावतीवर दोनच माळांची गाठवणावळ लिहिली. पावणेनऊला शटर खाली.