आंकड्यांचे रकाने संगणकांत घेतांना

पाऊस, पेरणी, उत्पन्न व बाजारभाव यांचीं टिपणें संगणकावर ठेवणारे कित्येक शेतकरी बंधु आज आमच्या खानदेशांत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. अशीं टिपणें बहुधा साध्या मजकुराच्या फाईलींत असतात. एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि दोन रकान्यांमध्यें स्वल्पविराम. ही फाईल गणिताच्या प्रणालींत घेतली म्हणजे कोणत्या रकान्यांत अंक, कोणत्यांत तारखा व कोणत्यांत अक्षरें, हें यंत्र बहुधा अदमासानेंच ठरवितें. घात होतो तो येथेंच.

सन २००१ च्या जनगणनेंत नंदुरबार, धुळें व जळगांव या जिल्ह्यांस अनुक्रमें ०१, ०२ व ०३ हे क्रमांक होते. यंत्रानें ते अंक मानले कीं आरंभींचें शून्य गळतें. मग '०३' व '३' यांची जुळणी न होऊन सबंध जळगांव जिल्हा हिशेबांतून नाहींसा होतो. 'गट १२/१' मधील '१२/१' हा क्रमांक एक्सेलसारख्या प्रणालीस तारीख वाटतो. ०५/०७/२०२३ या दिवसाचा, म्हणजे ५ जुलैचा पाऊस, अमेरिकन रीतीनें ७ मे रोजीं पडलेला दिसतो. अवतरणचिन्हांवांचून लिहिलेले १,२५,००० रुपये तीन रकान्यांत फुटतात.

ही अडचण आमचीच आहे असें नाहीं. मनुष्याच्या कांहीं जनुकांचीं नांवें एक्सेल तारखा समजून बदलीत असे. अखेर २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं तीं नांवेंच बदलल्याचें जाहीर झालें.

यावर उपाय सोपा आहे. फाईल घेण्यापूर्वींच प्रत्येक रकान्याचा प्रकार आपण सांगावा. आर प्रणालींत त्यासाठीं 'कॉलक्लासेस' व पांडासमध्यें 'डीटाइप' ही सोय आहे. एक्सेलमध्यें फाईल एकदम न उघडतां आयात करतांना रकान्यास 'टेक्स्ट' म्हणावें. ज्यांची बेरीज कधींच करावयाची नाहीं ते गट, खातें व गांव यांचे क्रमांक अक्षरें समजावीं. तारखेंत आधीं दिवस कीं महिना, हें स्पष्ट सांगावें. पाऊस मोजलाच नसेल तर तेथें शून्य लिहूं नये. जागा रिकामी ठेवावी, कारण शून्य म्हणजे कोरडा दिवस.

शेवटीं मूळ फाईलींतील ओळी व आंत आलेल्या नोंदी मोजून ताडून पाहाव्या. पीकनुकसानीच्या यादींत एक गट क्रमांक बिघडला तर एका कुटुंबाची भरपाई अडकूं शकते. तेव्हां या कामास लागणारीं चार मिनिटें कोणीं वांचवूं नयेत, अशी आमची विनंति आहे.