पोपटाचे पिल्लू चावते, तेव्हा

पोपट पाळण्याची हौस आपल्या लोकांत जुनी आहे. घरात पिल्लू आले की मुले हरखून जातात. मग एक दिवस कोणाच्या तरी बोटातून रक्त येते आणि पोपट 'वाईट' ठरतो. कोणी त्याच्यावर ओरडतो, कोणी चोचीवर टिचकी मारतो, कोणी पिंजरा मागच्या व्हरांड्यात टांगून विसरून जातो. पोपट वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो. एवढी वर्षे एकट्याने काढणे ही फार मोठी शिक्षा आहे.

जर्मनीत या विषयाचा बारकाईने विचार झाला आहे. पोपट कसे ठेवावेत याचे किमान नियम तेथील तज्ज्ञांनी १० जानेवारी १९९५ रोजी सरकारला लिहून दिले. त्यातले मुख्य तत्त्व असे की पोपट हा थव्यात राहणारा पक्षी आहे. त्याला एकटा ठेवू नये, जोडीदार द्यावा. पुढे २००२ साली प्राण्यांचे रक्षण त्या देशाच्या राज्यघटनेतही आले.

चावण्याचे मूळ बहुधा येथेच असते. पोपटाची चोच म्हणजे त्याचा हात. पिल्लू चोचीनेच चढते, चाखते, चाचपून पाहते. भावंडांबरोबर वाढताना जोरात चावले तर समोरचा दूर होतो, हे ते शिकते. फार लवकर वेगळ्या केलेल्या पिल्लाला हा धडा मिळत नाही. याशिवाय भीती, अपुरी झोप आणि वयात येण्याचा काळ हीही कारणे असतात.

मग करावे काय? चावल्यावर ओरडू नये. काही पोपटांना तो गोंगाट गंमत वाटतो. हात झटकू नये, मारू तर मुळीच नये, कारण मार खाल्लेला पक्षी हातालाच भितो. त्याला शांतपणे खाली ठेवावे व थोडा वेळ लक्ष देऊ नये. डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होणे, मानेची पिसे उभी राहणे, शेपटी पसरणे या खुणा मुलांना ओळखायला शिकवाव्यात. खुणा दिसल्या की हात पुढे करू नये. चावायला मऊ लाकूड द्यावे, रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता द्यावी. हातावर नीट बसला की लगेच सूर्यफुलाचे एक बी द्यावे. रोज पाच-दहा मिनिटांचा सराव पुरतो. शांत पक्षी एकाएकी चावू लागला तर मात्र पशुवैद्याला दाखवावे. दुखणे असू शकते.

कंटाळून पक्षी सोडून देणे हा उपाय नव्हे. कोलोन शहरात पिंजऱ्यातून सुटलेल्या, भारतातल्यासारख्याच हिरव्या पोपटांनी १९६९ साली घरटे केले आणि आज ऱ्हाईन नदीकाठच्या शहरांत त्यांची संख्या हजारांत आहे. आपल्या मॉरिशसमध्येही हा बाहेरचा पोपट रानात पसरला आहे. झाडांच्या ढोलींसाठी तो आपल्या 'कातो'शी स्पर्धा करतो. हा कातो जगात दुसरीकडे कोठेही नाही. १९८०च्या सुमारास त्याचे मोजकेच पक्षी उरले होते आणि मोठ्या कष्टाने तो वाचवला गेला.

तेव्हा पालकांनी पिल्लू आणण्याआधीच विचार करावा. दोन पक्षी, मोठी जागा आणि रोजचा वेळ देणे जमणार नसेल, तर पिल्लू आणू नये.