गोलखांबांच्या मधला माणूस : ब्रह्मानंद शंखवाळकर

आमच्या लहानपणी पांढुर्ण्यात फुटबॉल खेळायचा म्हटला की पहिलं भांडण व्हायचं ते गोलकीपर कोण होणार यावरून. ज्याला पळता येत नाही किंवा जो सगळ्यांत लहान, त्याला दोन विटांच्या मध्ये उभं करायचं. हौसेनं तिथं कोणीच जात नसे.

म्हणून परवा सौसरहून आलेला माझा आठवीतला भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, मी गोलकीपर होणार," तेव्हा मलाच नवल वाटलं. ताईची तक्रार वेगळीच होती. "बाकीचे पोट्टे गोल मारतात अन् हा नुसता उभा राहते. उद्या याले नोकरी कोण देईल?" भाच्यानं मला विचारलं, "आपल्याकडचा कोणी गोलकीपर भारताकडून खेळला का?" मला गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर आठवले. तुमच्याही घरी असा एखादा पोट्टा असेल, म्हणून ती गोष्ट इथं लिहितो.

शंखवाळकरांचा जन्म १९५४ चा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, म्हणजे ते सात वर्षांचे असताना. फुटबॉल मात्र तिथं जुना. १८८३ साली शिवोली गावात एका पाद्रीनं तो आणला असं सांगतात. पुढं गावोगावी चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत आणि भातकापणीनंतरच्या शेतांत तो खेळला जाऊ लागला. आपल्याकडं जसा कबड्डीचा, तसा तिथं फुटबॉलचा नाद.

ताईच्या प्रश्नाचं उत्तरही गोव्यातच सापडतं. तिथल्या खाण उद्योजकांनी स्वतःचे फुटबॉल संघ उभे केले. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावं फुटबॉलमुळं घरोघरी पोचली. साळगावकर क्लब १९५६ चा, वास्कोचा. शंखवाळकर याच साळगावकरचे. त्यांच्या उमेदीची वर्षं तिथंच गेली. खेळाडूला संघ आणि संघाला मालक असला की आईबापाच्या जिवाला थोडा घोर कमी. (सौसरजवळ बोरगावला एवढे कारखाने आहेत. त्यांच्यात एखादी फुटबॉल स्पर्धा भरवायला काय हरकत आहे, हा माझा आपला एक विचार.)

गोलकीपरची अडचण अशी की संघात त्याची जागा एकच. पुढं खेळणाऱ्याला डावीकडून, उजवीकडून, मधून कुठंतरी बसवता येतं. दुसरा गोलकीपर मात्र बाकावरच बसतो. शंखवाळकरांच्या काळात बंगालचे भास्कर गांगुली जोरात होते. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत भारताचे कर्णधार तेच होते. अशा माणसाच्या काळात टिकून राहायचं म्हणजे रोज सराव करायचा आणि आपली पाळी कधी येईल ते ठाऊक नसायचं. शंखवाळकर टिकले, आणि १९८३ ते १९८६ या काळात भारताचं कर्णधारपद त्यांच्याकडं आलं.

मला स्वतःला मात्र त्यांची संतोष ट्रॉफीची दोन वर्षं जास्त मोठी वाटतात. ही राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा. गोव्यानं ती तोवर कधी जिंकली नव्हती. १९८२-८३ चा अंतिम सामना कलकत्त्यात, समोर बंगाल, म्हणजे घरचं मैदान आणि घरचे प्रेक्षक त्यांचे. सामना गोलशून्य सुटला. पुन्हा खेळवला, पुन्हा गोलशून्य. शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्यानं पंजाबला १-० नं हरवलं आणि ट्रॉफी एकट्यानं नेली. दोन्ही वेळी कर्णधार शंखवाळकर. त्या दुसऱ्या वर्षी तर पूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही.

हे किती अवघड, ते भाच्याला अंगणातच दाखवलं. गोल सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर उंच. टेप धरून खुणा केल्या तर आमचं अर्धं अंगण संपलं! पेनल्टी मारतात ती अकरा मीटरवरून. ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगानं आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि झेपही घ्यायची. पुन्हा त्या काळी चेंडू हातात घेतल्यावर गोलकीपरला चारच पावलं टाकता येत. फरक एवढाच, की आपल्याच खेळाडूनं पायानं मागं दिलेला चेंडू तेव्हा हातात घेता येई. तो नियम १९९२ मध्ये बदलला.

मान मिळायला मात्र वेळ लागला. गोल मारणाऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. जो गोल झालाच नाही, त्याचा फोटो कोण काढणार? गोलकीपर पीटर थंगराज यांना अर्जुन पुरस्कार १९६७ मध्ये मिळाला होता. शंखवाळकरांना तो मिळाला १९९७ मध्ये, कर्णधारपद संपून अकरा वर्षं झाल्यावर. आणि पद्मश्री २०२२ मध्ये, तोवर त्यांची पासष्टी उलटून गेली होती.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते गोव्याचं झालं. इथं काय?" तिचं चुकत नाही. आपल्या मध्य प्रदेशात विक्रम पुरस्कार मिळवणाऱ्या खेळाडूला सरकारी नोकरीची सोय आहे, पण तिथपर्यंत पोचणारे किती? पांढुर्णा आता जिल्हा झाला, सौसरही त्यातच आलं, तर मैदानं आणि शिकवणारे वाढतील अशी आशा धरायची. तोवर नागपूर आहे, कामठी आहे. कामठीत रब्बानी क्लबसारखी फुटबॉलची जुनी परंपरा आहे, आणि गाडीनं गेलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

पुढच्या रविवारी भाच्याला हातमोजे घ्यायला नागपूरला जातो आहे. ताई म्हणाली, मीही येते, कामठीचं मैदान बघू तरी.